अस्सल बरहुकूम नक्कल : जुन्या लॅपटॉपमधला हिशोब आणि त्याचा तपास

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या पेढ्यांवरून लाल वही उठली आणि तिच्या जागी संगणक आला, त्याला आता पंचवीस-तीस वर्षे होत आली. या काळात प्रत्येक पेढीत दोन-तीन संगणक जुने होऊन बाद झाले. जुनी वही संपली की आपले वडीलधारे ती फडक्यात बांधून माळ्यावर ठेवीत. जुना लॅपटॉप मात्र भंगारवाल्याकडे जातो, मुलांना खेळायला मिळतो किंवा तिजोरीशेजारच्या कपाटात धूळ खात पडतो. त्याच्या पोटात सात-आठ वर्षांची कीर्द-खतावणी आहे हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. ध्यानात येते ते भागीदार वेगळे होतात तेव्हा, एखादा कारखानदार जुनी बाकी मागायला येतो तेव्हा, किंवा खात्याची नोटीस दारात येते तेव्हा.

अशा वेळी घरातला एखादा हुशार मुलगा लॅपटॉप काढतो, चार्जर शोधतो आणि बटण दाबून पाहतो. चालू झाला की सर्वांना आनंद होतो. तपासाच्या दृष्टीने पाहिले तर पुरावा बिघडायला त्याच क्षणी सुरुवात झालेली असते. हे कसे घडते ते आम्ही गेल्या वर्षी एका वादात पंच म्हणून बसलो असताना जवळून पाहिले. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगाचे आहे म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहोत. नावे अर्थातच देणार नाही.

सोळा दिवस, साडेएकोणीस हजार

ग्रे कापडाची एक पेढी. दोघे चुलतभाऊ भागीदार. सूत द्यायचे, मजुरीवर कापड विणून घ्यायचे आणि ताके बाजारात विकायचे, असा धंदा. २०१५ साली भागीदारी मोडली. त्यांच्यासाठी मजुरीवर विणणारा एक छोटा कारखानदार होता, चोवीस मागांचा. त्याची ३,१२,००० रुपये मजुरी बाकी राहिली, असे त्याच्या मुलाचे म्हणणे. कारखानदार स्वतः आता मरहूम. मुलाजवळ वडिलांची खिशातली डायरी, तिच्यात बाकीचा आकडा, एवढाच काय तो आधार.

थोरला भाऊ म्हणे, रक्कम रोखीने चुकती केली आहे, संगणकात नोंद आहे. धाकटा म्हणे, रोकड माझ्या हाती नसे, मला ठाऊक नाही. कोर्टाची मुदत केव्हाच उलटून गेलेली. अशा मागण्यांना साधारण तीन वर्षांची मर्यादा असते. राहिला तो पंचांचा रस्ता. मुलाचे मागणे साधे होते. पैसे दिले असतील तर तसे दाखवा, म्हणजे वडील खोटी बाकी लिहून गेले हा सल आम्ही मनात ठेवणार नाही. दिले नसतील तर द्या.

थोरल्या भावाने खाते-उतारा छापून आणला. त्यात ३ फेब्रुवारी २०१४ पासून १८ फेब्रुवारीपर्यंत लागोपाठ सोळा दिवस रोज १९,५०० रुपये रोख दिल्याच्या नोंदी होत्या. बेरीज बरोबर ३,१२,०००. आमच्या पिढीच्या व्यापाऱ्याला १९,५०० या आकड्याचे कारण सांगावे लागत नाही. त्या वेळी आयकर कायद्याच्या ४०-ए(३) कलमाप्रमाणे एका माणसाला एका दिवसात वीस हजारांवर रोख दिली तर तो खर्च नामंजूर होत असे. (२०१७ पासून ती मर्यादा दहा हजारांवर आली.) म्हणून मोठी रक्कम अशी तुकड्यांत लिहिण्याची चाल पडली होती. पण त्या सोळा दिवसांत ७ आणि १४ फेब्रुवारी हे दोन शुक्रवार येत होते, आणि ही पेढी शुक्रवारी उघडतच नसे. आम्ही तिघे पंच एकमेकांकडे पाहत राहिलो.

तरी संशय म्हणजे पुरावा नव्हे. मुनीम मागाहून एकदम नोंदी लिहितो तेव्हा तारखा अंदाजाने टाकतो, हेही आपल्या बाजारात नवे नाही. मूळ लॅपटॉप पाहणे भाग होते. तो २००८ सालचा होता आणि सुदैवाने भंगारात गेलेला नव्हता.

दुकानात काय झाले

मात्र आमच्याकडे येण्याआधी तो एका दुरुस्तीच्या दुकानात जाऊन आला होता. दुकानदाराच्या मनात काही वाईट नव्हते. त्याने लॅपटॉप चालू केला, अँटीव्हायरस अद्ययावत केला, टॅली उघडून ‘चालते आहे’ अशी खात्री केली, फालतू फाइली साफ केल्या आणि पैसे घेतले. धाकट्या भावाने नंतर त्यातल्या फाइलींच्या तारखा पाहिल्या तर कित्येकांवर २००७ साल! लॅपटॉप घेतला २००८ मध्ये आणि फाइली २००७ च्या? ‘यात हेराफेरी झाली आहे’ असे म्हणून तो उठून जायला निघाला.

खरे कारण फार किरकोळ निघाले. जुन्या संगणकात घड्याळ चालू ठेवणारा बटणाएवढा एक सेल असतो. तो वर्षानुवर्षे पडून मरतो. मग संगणक चालू केला की घड्याळ कारखान्यातल्या कुठल्यातरी जुन्या तारखेवर जाते, आणि त्या सत्रात जी जी फाइल बदलते तिच्यावर तीच चुकीची तारीख बसते. विंडोज नुसती सुरू झाली तरी मालकाला न विचारता शेकडो फाइली लिहिते आणि बदलते. एका किरकोळ सेलमुळे दोन भावांमधला उरलासुरला विश्वासही जाण्याची वेळ आली होती.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. आपण फाइल पुसतो तेव्हा जुन्या पद्धतीच्या फिरत्या चकतीवरून मजकूर लगेच जात नाही. अनुक्रमणिकेतले नाव जाते आणि ती जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते. पान तसेच असते, वर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. लॅपटॉप जितका वेळ चालू ठेवाल तितके नवे लिखाण त्या मोकळ्या पानांवर होत जाते. ज्या पुसलेल्या फाइलीत सत्य असते ती अशी आपल्याच हाताने झाकली जाते.

पंचांनी मग मुंबईहून या कामातला एक माणूस बोलावला. तिशीचा मुलगा, बोलायला गोड, कामाला कडक. आमच्यापैकी एक हाजीसाहेब लॅपटॉपचे झाकण उघडू लागले तर म्हणाला, ‘‘चाचा, आता याला कुणीच चालू करायचे नाही. मीसुद्धा नाही.’’

नकल बमुताबिक असल

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेव्हा कचेरीतून आलेल्या कागदावर शेवटी ‘नकल बमुताबिक असल’ असा शेरा असे. मराठी दप्तरात त्यालाच ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ म्हणत. अर्थ एकच : ही प्रत मुळाशी जुळवून पाहिलेली आहे, एका अक्षराचा फरक नाही, आणि जुळवणारा सही करून जबाबदार आहे. लॅपटॉपच्या डिस्कची तपासासाठी जी प्रत करतात ती याच जातीची असते.

पुष्कळांना वाटते, फाइली पेन ड्राइव्हवर ओढून घेतल्या की झाली प्रत. ती वापरायची प्रत झाली. तिच्यात फाइल ‘तयार केल्याची’ तारीख आजची होते, लपलेल्या फाइली मागे राहतात आणि पुसलेले काही येतच नाही. तपासाची प्रत वेगळी. डिस्कवर पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत जे आहे, भरलेले आणि रिकामे, जिवंत आणि पुसलेले, ते सगळे जसेच्या तसे उचलून एका मोठ्या फाइलीत ठेवायचे. तिला इमेज म्हणतात. पुढची सगळी शोधाशोध या इमेजवर, तिच्याही दुसऱ्या प्रतीवर करायची. मूळ डिस्क पाकिटात बंद.

त्या मुलाने आमच्यादेखत जे केले त्याचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी लॅपटॉपचे चारही बाजूंनी फोटो. बॅटरी काढली, ती फुगलेली होती, आणि फुगलेली बॅटरी चार्जरला लावणे धोक्याचेच. मग खालचे झाकण उघडून डिस्क बाहेर घेतली. तिच्यावरची कंपनी, क्षमता आणि अनुक्रमांक पंचनाम्यात लिहिला. डिस्क बाहेर असतानाच लॅपटॉप चार्जरवर एकदा चालू केला, फक्त त्याचे घड्याळ किती वाजले दाखवते ते पाहण्यासाठी. विंडोज डिस्कमध्ये असल्यामुळे इथे काही बिघडण्याचा प्रश्न नव्हता. घड्याळ पुन्हा २००७ वरच गेलेले होते. भिंतीवरच्या घड्याळाची वेळ आणि लॅपटॉपची वेळ शेजारीशेजारी लिहून आम्ही सह्या केल्या. धाकट्या भावाचा अर्धा राग तिथेच उतरला.

त्यानंतर डिस्क त्याने स्वतःच्या संगणकाला थेट जोडली नाही. मध्ये एक लहान डबी लावली. तिला राइट ब्लॉकर म्हणतात. एकेरी दरवाजाच समजा : डिस्ककडून माहिती बाहेर येते, डिस्ककडे एक अक्षरही जात नाही. ही डबी नसेल तर विंडोज कोणतीही डिस्क लावताक्षणी तिच्यावर स्वतःच्या खुणा करू लागते. २००८ च्या लॅपटॉपची डिस्क साटा जोडणीची असल्याने अडचण आली नाही. त्याआधीच्या पाच-सात वर्षांच्या लॅपटॉपांत बहुधा आयडीई जोडणी असते, ४४ बारीक पिनांची. तिला वेगळा जोड लागतो आणि जोडताना पिन वाकली की नवा ताप.

१६० जीबीची ती डिस्क. चांगला भाग दोन तासांच्या आत निघाला. मग खराब जागा आल्या. इथे कामाची रीत कळते. घाईचा माणूस खराब जागेवरच डिस्कला पुन्हा पुन्हा घासत बसतो आणि तिचा जीव घेतो. जाणता माणूस आधी जेवढे सहज निघते तेवढे सगळे काढून घेतो आणि मग खराब जागांकडे थोडे थोडे परत येतो. डीडीरेस्क्यू नावाचे एक मोफत साधन याच तत्त्वावर चालते. ते काम रात्रभर चालले. सकाळी थोडी घरे वाचता न आलेलीच राहिली. त्यांची यादी इमेजबरोबर जोडली. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र अशा कामातही हात घालू नये, ती थेट प्रयोगशाळेचीच गोष्ट आहे. आणि डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की चालते असे सांगणारे लोक अजून भेटतात. बर्फाचे पाणी चकतीवर बसते, एवढाच त्याचा गुण.

चौसष्ट अक्षरांचा शिक्का

प्रत मुळाशी जुळते हे ठरवायचे कसे? हजारो पाने वाचून जुळवणारा कारकून इथे उपयोगाचा नाही. त्यासाठी हॅश नावाचा हिशोब आहे. संपूर्ण इमेज एका गणिती रीतीतून चालवली की शेवटी ठरावीक लांबीची अक्षरे-आकड्यांची एक ओळ मिळते. एसएचए-२५६ या रीतीने ती चौसष्ट अक्षरांची असते. तीच इमेज जगात कुठेही, कधीही मोजा, ओळ तीच येणार. तिच्यात एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ओळ पूर्णपणे वेगळी येते.

मिलचा शिक्का ताक्याच्या टोकाला असतो. मधून दोन मीटर कापून पुन्हा जोडले तर शिक्क्याला पत्ता लागत नाही. हॅशचा शिक्का ताक्यातल्या प्रत्येक धाग्यावर असतो असे समजावे. एमडी५ आणि एसएचए-१ या जुन्या रीती आहेत. वेगवेगळ्या मजकुरांची ओळ एकच आणून दाखवणे एमडी५ च्या बाबतीत २००४ साली आणि एसएचए-१ च्या बाबतीत २०१७ साली शास्त्रज्ञांना जमले. म्हणून आज एसएचए-२५६ चाच आग्रह धरावा, जुन्या रीतीची ओळ सोबत असली तर असू द्यावी. एक बारकावा : खराब होत चाललेली डिस्क दोनदा वाचली तर दोन ओळी वेगळ्या येऊ शकतात. म्हणून ओळ इमेजची घ्यायची आणि न वाचलेल्या जागांची यादी तिच्याबरोबर ठेवायची.

ती चौसष्ट अक्षरे आम्ही पंचनाम्यात हाताने लिहून काढली. हाजीसाहेबांनी वाचायचे, आम्ही लिहायचे, दोघा भावांनी आणि त्या मुलाने तपासायचे. वीस मिनिटे गेली, पण नंतर ‘हीच का ती प्रत’ हा प्रश्न कुणीच काढला नाही. इमेजच्या तीन प्रती झाल्या : एकेक दोन्ही भावांना, एक पंचांकडे. कारखानदाराच्या मुलाला त्याच्या वडिलांच्या खात्यापुरता उतारा.

पोटातून काय निघाले

टॅलीची माहिती १००००, १०००१ अशा आकडी नावांच्या फोल्डरांत असते. जुनी कंपनी टॅलीच्या नव्या आवृत्तीत उघडायची तर माहिती नव्या रूपात बदलून घ्यावी लागते, त्यामुळे ते काम प्रतीच्या प्रतीवरच केले. उघडल्यावर त्या सोळा नोंदी जशाच्या तशा होत्या, त्यात नवीन काही नव्हते. पण मोकळ्या जागेतून एक पुसलेली बॅकअप फाइल निघाली. टॅली बॅकअप घेताना ‘टीबीके’ने सुरू होणारी फाइल करते, तीच. ३१ मार्च २०१४ च्या संध्याकाळची. मुनीमाने वर्षअखेरीला सवयीने घेतलेली आणि पुढे जागा कमी पडली म्हणून पुसलेली असावी. दुकानातल्या साफसफाईतूनही ती झाकली गेली नाही, हे त्या मुलाचे नशीब.

ती वेगळ्या संगणकावर परत बसवली. कारखानदाराचे खाते उघडले. बाकी देणे : ३,१२,०००. फेब्रुवारीतली एकही रोख नोंद नाही.

म्हणजे ३१ मार्चला जी नोंद नव्हती ती नंतर, फेब्रुवारीची तारीख टाकून, लिहिली गेली होती. यंत्राने सांगितले ते इथपर्यंतच. का लिहिली हे यंत्र सांगत नाही. थोरला भाऊ म्हणाला, रोकड खरेच दिली होती, ताळेबंद करताना नोंदी राहिल्याचे कळले म्हणून घातल्या. आम्ही त्याला पावती मागितली, ती नव्हती. फेब्रुवारीच्या रोजमेळात सोळा वेळा १९,५०० निघतील एवढी शिल्लक दाखवायला सांगितली. बॅकअपमधल्या रोजमेळात ती नव्हती. मग तो बराच वेळ बोलला नाही. शेवटी रक्कम दोघा भावांनी निम्मी-निम्मी द्यावी, तीन हप्त्यांत, असे ठरले. धाकट्याने कुरकुर केली. पण भागीदारीच्या देण्याला दोघेही बांधलेले असतात. थोरल्याने मुद्दाम बुडवले की विसरून गेला, यावर पंचांनी काही लिहिले नाही, आम्हीही इथे लिहिणार नाही.

टॅलीच्या त्या जुन्या आवृत्तीत नोंद बदलल्याची खूण आपोआप राहत नसे. आता कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून बदलाची नोंद ठेवणारी हिशोब-प्रणालीच वापरावी लागते. भागीदारी पेढीला तो नियम नाही. तरी ती सोय चालू ठेवायला खर्च येत नाही.

कोर्टात ही प्रत चालते का

आमचे प्रकरण पंचांत मिटले. सगळ्यांची मिटत नाहीत. संगणकातला पुरावा कोर्टात कसा मानायचा याचा मोठा निकाल आपल्या मराठवाड्यातल्याच एका वादावर झाला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याहून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. पुरावा होता निवडणूक कचेरीतल्या चित्रीकरणाच्या सीडी. पण पुरावा कायद्याच्या ६५-बी कलमाचे प्रमाणपत्र अधिकारी काही देईनात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये नियम पक्का केला : प्रत हजर करायची तर प्रमाणपत्र हवेच; मात्र ज्या लॅपटॉपमध्ये किंवा फोनमध्ये माहिती पहिल्याने साठली, तो मूळ लॅपटॉपच घेऊन मालक स्वतः साक्षीला उभा राहिला तर प्रमाणपत्राची गरज नाही. खूप खटपट करूनही प्रमाणपत्र मिळत नसेल तर ते मागवून देण्यास कोर्टाला विनंती करता येते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या ६३ व्या कलमात हेच प्रमाणपत्र आहे, पण आता त्याचे दोन भाग आहेत. एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. उपकरणाची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि हॅशची ओळ, कोणत्या रीतीची तेही, सगळे त्यात लिहावे लागते. म्हणजे जो पंचनामा आम्ही खबरदारी म्हणून केला, तो कोर्टात जाणाऱ्याला करावाच लागतो. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी केलेली, हॅश न लिहिलेली प्रत हातात घेऊन वकिलाकडे गेलात तर वकील बिचारा काय करणार?

अधिकारी दारात आले तर

हा भाग नाजूक आहे, पण व्यापाऱ्याला ठाऊक असलाच पाहिजे. झडतीला आलेल्या अधिकाऱ्याला अडवू नये, आणि भीतीपोटी काही पुसू तर मुळीच नये. पुरावा म्हणून लागेल असा संगणकी दस्तऐवज नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे कैदेचा गुन्हा आहे, आणि वर सांगितल्याप्रमाणे पुसलेले निघतेही. एरवी जो माणूस निर्दोष सुटला असता तो पुसल्यामुळे अडकतो.

परंतु मागण्यासारख्या गोष्टी मागाव्यात. पोलिसांची झडती असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमाप्रमाणे झडतीचे आणि जप्तीच्या यादीचे चित्रीकरण झाले पाहिजे. यादीची प्रत आपल्याला मिळते. त्या यादीत ‘काळा लॅपटॉप एक’ एवढेच लिहू देऊ नये; डिस्कचा अनुक्रमांक लिहायला सांगावे आणि प्रत तिथेच काढली जात असेल तर हॅशची ओळ मागावी. नम्रपणे मागावी, पण मागावी. जीएसटीच्या झडतीत ६७ व्या कलमाच्या पाचव्या पोटकलमाप्रमाणे जप्त कागदपत्रांच्या प्रती घेण्याचा आपल्याला हक्क आहे. तपासाला बाधा येईल असे अधिकाऱ्याला वाटले तरच तो नाकारू शकतो. त्या कायद्यात ‘कागदपत्र’ या शब्दात संगणकातली नोंदही येते.

हॅशची ओळ मागण्याचे महत्त्व एका गाजलेल्या प्रकरणावरून कळते. भीमा-कोरेगाव प्रकरणात २०१८ साली पुणे पोलिसांनी जप्त केलेल्या एका लॅपटॉपच्या डिस्कची प्रत बचाव पक्षाला मिळाली. अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने ती तपासून फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला की, बाहेरच्या कुणीतरी नेटवायर नावाचा छुपा प्रोग्राम घुसवून त्यात दहा पत्रे ठेवली होती. तपास यंत्रणेने हा अहवाल मान्य केलेला नाही. त्यातले खरे-खोटे ठरवणे कोर्टाचे काम आहे. पण हा प्रश्न विचारता तरी आला, कारण डिस्कची पूर्ण प्रत आरोपीच्या हाती पोचली होती.

घरच्या गोष्टी

एक गोष्ट आमच्या पंचांपैकी कुणालाच आधी सुचली नव्हती, त्या मुलाने सुचवली. पूर्ण प्रत म्हणजे सगळेच आले. पेढीचा लॅपटॉप रात्री घरी जात असे. त्यात घरातल्या लग्नांचे फोटो, मुलींचे बायोडाटा, आजारपणाचे कागद, कुणाकुणाची खासगी पत्रे. प्रत दुसऱ्या भावाच्या हाती देणे म्हणजे एका घराचा पडदा दुसऱ्यापुढे उघडणे. म्हणून काम सुरू करण्याआधी एक कागद लिहिला : टॅलीचे फोल्डर, एक्सेलचे तक्ते आणि पेढीच्या खात्यावरचा पत्रव्यवहार एवढेच उघडायचे, तेही एप्रिल २०१२ ते मार्च २०१५ या मुदतीतले, फोटोंना हात लावायचा नाही. भावांकडे दिलेल्या प्रती पाकिटात बंद आणि पाकिटावर तिन्ही पंचांच्या सह्या. वाद निघाला तरच फोडायच्या. घरातल्या बायकांना हे समजल्यावर मगच लॅपटॉप बाहेर आला, हेही सांगायला हवे.

नवे लॅपटॉप, नवी अडचण

जुन्या चकतीच्या डिस्कमधून पुसलेले निघते म्हणून नव्यातूनही निघेल असे धरून चालू नये. आता लॅपटॉपांत एसएसडी असतात. त्यांच्यात फाइल पुसली की ट्रिम नावाची आज्ञा जाते आणि ती जागा थोड्याच वेळात खरोखर कोरी होते. आमच्या प्रकरणातला लॅपटॉप एसएसडीचा असता तर ती बॅकअप मिळालीच नसती असे तो मुलगा म्हणाला. शिवाय नव्या विंडोजमध्ये डिस्क बऱ्याचदा बिटलॉकरने कुलूपबंद असते. डिस्क काढून दुसरीकडे जोडली तर अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली लागते, आणि ती कुठल्या खात्यात साठवली आहे हे पेढीत कुणालाच माहीत नसते. पुष्कळदा ते खाते केव्हाच सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या नावाचे निघते. ही किल्ली आजच छापून ताळेबंदाच्या फाइलीत लावावी.

जीएसटी कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून बहात्तर महिने हिशोब जपावा लागतो, आणि संगणकातल्या हिशोबाचा बॅकअप ठेवणे नियम ५७ प्रमाणे बंधनकारक आहे. तेव्हा पेढीचा लॅपटॉप बदलताना जुना विकून दोन-अडीच हजार रुपये मिळवण्यापेक्षा त्यातली डिस्क काढून घ्यावी, विकायचे तर बाकीचे विकावे. डिस्क स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत घालावी, वर पेढीचे नाव, वर्षे आणि काढल्याची तारीख लिहावी आणि ओल नसलेल्या कपाटात ठेवावी. एसएसडी असेल तर कपाटात वर्षानुवर्षे वीज न देता ठेवू नये, त्यातला मजकूर हळूहळू उडू शकतो. तिची प्रत चकतीच्या डिस्कवर काढून ती ठेवावी. आमच्या पेढीत अशा चार डिस्क आहेत. सगळ्यात जुनी २००३ ची, आयडीई जोडणीची, आणि तिचा जोड तिच्याच डब्यात ठेवला आहे, कारण तो आता बाजारात सहज मिळत नाही.